पाटीवरचं विमान, भिंतीवरचं गाव
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. शाळेत असताना मला वीस मिनिटं फक्त वर्गाबाहेर उभं राहायला मिळायची, त्यामुळे आज आत उभं राहून बोलताना जरा अवघडल्यासारखं होतंय. भाषण स्मरणिकेत छापायचं आहे म्हणून लिहून आणलंय. शुद्धलेखन मराठीच्या बाईंनी तपासावं ही विनंती. त्यांच्या लाल शाईशिवाय माझा कागद पूर्ण झाल्यासारखा वाटत नाही.

आपल्या वर्गातले कोणी इंजिनीअर झाले, कोणी बँकेत गेले, दोघी डॉक्टर आहेत, एक जण पुण्याला गेला आणि तिथून मोठा होऊन आला. मी पेंटर झालो. चित्रकार म्हणालो तर चित्रकलेच्या सरांना हसू येईल. मी पाट्या रंगवणारा. किराणा दुकान, पिठाची गिरणी, ट्रकच्या मागचं 'हॉर्न प्लीज', ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या कुटुंब नियोजनाच्या घोषणा. आठवीत सरांनी माझ्या वहीवर लिहिलं होतं, 'चित्र यथातथा, अक्षर चांगले.' त्या शेऱ्यावर मी पंचवीस वर्षं पोट भरलं. मग फ्लेक्स आला. दोन तासांत छापून मिळतो, वर साहेबांचा फोटोही असतो. ब्रश धरणारे आम्ही सगळे हळूहळू रिकामे झालो.

मधल्या काळात मला एक मोठं काम मिळालं होतं. त्याबद्दल आधी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायचा मला हक्क नाही.

जे बाहेरगावाहून आलेत त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मिहान नावाचं गाव कधीच नव्हतं. मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर, या लांबलचक नावाची ती पहिली अक्षरं. २००२ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि वर्धा रोडच्या अंगाला चार हजार हेक्टरांहून जास्त जमिनीचा नकाशा तयार झाला. त्या नकाशात शिवणगाव होतं, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही होतं. आमचं गाव त्यांच्यातलंच. नाव घेत नाही, कारण या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी आमच्या विहिरीजवळची चिंच चोरून खाल्ली आहे. ज्यांनी खाल्ली त्यांना नाव सांगायची गरज नाही.

आज त्या बाजूला जा. एम्स आहे, आयआयएम आहे, मोठमोठ्या आयटी कंपन्या आहेत. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली. माझ्या पुतणीला तिथे नोकरी आहे आणि गेल्या वर्षी मायला छातीत दुखलं तेव्हा मी एम्सलाच नेलं. तेव्हा सगळं वाईट झालं असं रडगाणं मी गाणार नाही. पण ऑटोवाला आता 'मिहान, मिहान' ओरडतो, तेव्हा तो माझ्या काकाच्या वावराला मिहान म्हणतो हे त्याला माहीत नसतं. त्याचा काय दोष? त्याला कोणी सांगितलंच नाही.

तर ते मोठं काम. नकाशा जाहीर झाला आणि हद्दीच्या बाहेरची जमीन सोन्याची झाली. मनीष नगरपासून बेसा, बेलतरोडीपर्यंत, चिंचभुवनच्या पुढे, जिकडे पाहावं तिकडे ले-आउट पडले. प्रत्येक ले-आउटला पाटी लागते. 'एन.ए. प्लॉट उपलब्ध. मिहानपासून फक्त पाच मिनिटे.' ही पाच मिनिटं कुठून कुठपर्यंत मोजायची ते मालक ठरवायचा, मी फक्त रंगवायचो. आणि प्रत्येक पाटीवर उजव्या कोपऱ्यात एक विमान. सर, विमान काढायला फार सोपं असतं. एक लांबट वांगं काढायचं, त्याला दोन पंख लावायचे, झालं. मी शेकड्यांनी विमानं काढली. या सभागृहात चार जण असे बसलेत ज्यांनी ती विमानं पाहून प्लॉट घेतले, आणि दोघे असे आहेत ज्यांनी ते विकले. हसू नका, मी तिसरा आहे.

आमचं तीन एकर मिहानमध्ये गेलं. दीड एकर हद्दीबाहेर राहिलं होतं. बाबांच्या मागे ते मी विकलं. त्या दीड एकरात आमच्या सालदाराने अठरा वर्षं नांगर धरला होता. गुढीपाडव्याला सालाचा करार व्हायचा, पुढच्या गुढीपाडव्याला पुन्हा. विकलं तेव्हा त्याला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. कायद्याने विचारायची गरज नव्हती. त्या वावराच्या बांधावर जी पाटी लागली ती मीच रंगवली, आणि तिच्यावर विमान काढलं. निळं आभाळ, पांढरं विमान. चांगलं वठलं होतं.

आता भिंतीकडे येतो.

गाव उठलं, त्याच्या बदल्यात आखीव वसाहत मिळाली. सरळ गल्ल्या, सिमेंटचे रस्ते, प्लॉटला नंबर. पहिली दोन वर्षं म्हातारी माणसं संध्याकाळी घर चुकायची, कारण सगळे कोपरे सारखे. २०२२ च्या उन्हाळ्यात वसाहतीतल्या काही पोरांनी मला बोलावलं. समाजमंदिराची लांब भिंत रिकामी होती. 'काकाजी, गावाचं चित्र काढून द्या. आमची पोट्टी विचारतात, आपण कुठून आलो.' वर्गणी करून रंग आणला होता. मला भरून आलं. दहा दिवस खपलो.

अकराव्या दिवशी पडदा बाजूला केला. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नदी, कौलारू झोपडी, बैलगाडी, डोक्यावर हंडा घेतलेली बाई. मला वाटलं टाळ्या पडतील. समोर एक आजी बसली होती, नव्वदीची. बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, 'बाप्पा, हे कोणाचं गाव हाय?' मग मागून कोणीतरी, 'आपल्या गावात डोंगर कधी आला बे?' आणि सगळे हसायला लागले. खरंच आहे. आमच्या गावात डोंगर नव्हता, नदी नव्हती, नाला होता आणि तोही दिवाळीनंतर आटायचा. मी जे काढलं ते चौथीतल्या चित्रकलेच्या वहीतलं गाव होतं. सरांचा शेरा त्या दिवशी पुन्हा आठवला. यथातथा.

एका पोराने सुचवलं, वारली काढू, सोपं पडतं, मस्त दिसतं. मी नाही म्हटलं. वारली चित्रं मला फार आवडतात. जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांपुढे कोणीही हात जोडावेत. पण ती डहाणू-पालघरकडच्या वारल्यांची आहेत, त्यांच्या लग्नाच्या चौकातून आलेली. आपल्याकडे कुठलीही सरकारी भिंत मोकळी दिसली की त्रिकोणी माणसं फेर धरून नाचायला लागतात. पुलाखाली तेच, दवाखान्यात तेच. ज्यांचं गाव गेलं त्यांच्या भिंतीवर दुसऱ्याचं गाव काढायचं, हे काही मला पटेना.

भिंतीला चुना मारला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी मी काढणार नाही, तुम्ही सांगा, मी फक्त रेघ ओढतो, असं ठरलं.

आधी पुरुष मंडळी बसली. त्यांनी गाव सांगितलं ते सातबाराच्या भाषेत. हा गट नंबर अमक्याचा, इथून पांदण, इथे शिव, इथे बांध. बांध आला की भांडण आलंच. ज्या जमिनीवर आता कंपनीचं पार्किंग आहे, तिच्या बांधावरून दोन सख्खे चुलत भाऊ भिंतीसमोर हमरीतुमरीवर आले. बांध एक हात इकडे की तिकडे, म्हणून. मी खडू हातात धरून उभा. तीन संध्याकाळी गेल्या, वावरं सगळी आली, पण वस्ती येईना. कोणाच्या घराला लागून कोणाचं घर, हे पुरुषांना सलग सांगता येत नव्हतं. चार घरं सांगायचे आणि अडकायचे.

चौथ्या दिवशी माझी माय तिथे बसली होती. ती म्हणाली, 'भुलाबाईच्या वाटेनं चाल ना रे.'

मैत्रिणींनो, तुम्हाला सांगायला नको. मित्रांना सांगतो, कारण आपण तेव्हा फक्त खाऊपुरते हजर असायचो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर आपल्या विदर्भात घरोघरी भुलाबाई बसते. मातीचे भुलाबाई आणि भुलोजी. संध्याकाळी गावातल्या पोरी एका घरून दुसऱ्या घरी जातात, टिपऱ्यांवर गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरचा खाऊ डब्यात वाजवून ओळखायचा. मायने पहिलं घर सांगितलं आणि तिथला खाऊ सांगितला. 'पाटलाच्या वाड्यात फुटाणे. त्याहून उजवीकडं वळलं का मावशीचं, तिच्याकडं कायम खोबरं. मग बोळीतून खाली, तिथं वाटली डाळ, पण तिला हिंग जास्ती.' शेजारच्या काकीने पुढचं घर उचललं, तिच्या शेजारणीने त्यापुढचं. त्या बायांना घरं ओळीने पाठ होती, कारण त्यांनी ती लहानपणी दरवर्षी महिनाभर ओळीने चालली होती. दोन तासांत एकेचाळीस घरं भिंतीवर आली, दारांच्या दिशांसकट. ज्या घराचा नंबर चुकला त्याचा खाऊ जुळायचा नाही. 'नाही बाई, चिवड्याच्या आधी मुरमुरे होते,' असं म्हणून माझ्याकडून दोन घरं पुसून अदलाबदल करून घेतली. आणि ती बरोबर निघाली.

मी तीस वर्षं भिंती रंगवतोय, पण माझा खडू इतका भरभर कधी चालला नव्हता.

आपल्या नागपूरला हे नवं नाही म्हणा. पाडव्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, महाल-इतवारीतून मारबती निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. कागद, बांबू, कापड यांची ती मोठी बाई, सोबत बडगे. बडग्यांच्या पाट्यांवर त्या वर्षी लोकांना जे बोचलं ते सगळं लिहिलेलं असतं, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत. दिवसभर मिरवतात आणि जाळून टाकतात. पुढच्या वर्षी पुन्हा करतात. बडग्याची पाटी रंगवायला मी एकदा गेलो होतो, मजुरी नाही मिळाली पण चिवडा पोटभर मिळाला. आणि पोळ्याच्या तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहिल्या की झडत्या म्हणायची आपली रीत. कोणाची जोडी, कोणाचा गोठा, सरकारने काय केलं, कापसाला काय भाव मिळाला, सगळं त्यात यायचं. वसाहतीत आता तोरण बांधतात, पण खाली बैल दोनच जोड्या असतात, बाकी ट्रॅक्टर आणि लहान पोरांचे लाकडी नंदी. झडत्या मात्र सगळ्या जोड्यांच्या म्हणतात. जे बैल नाहीत त्यांच्याही.

तर एकेचाळीस घरं झाली. मंडळी खूश. कोणीतरी चहा सांगितला. तेवढ्यात मागे उभी असलेली एक बाई पुढे आली. आमच्या सालदाराची बायको. तो आता हयात नाही. ती माझ्याकडे न पाहता मायला म्हणाली, 'वहिनी, तुमची भुलाबाई नाल्याच्या अलीकडंच वळत होती.'

कोणीच काही बोललं नाही. कारण ते खरं होतं. भुलाबाईची वाट नाल्यापर्यंत यायची आणि परत फिरायची. नाल्यापलीकडे बौद्ध वस्ती होती आणि तिला लागून सालदारांची, मजुरांची घरं. आपल्या वर्गात तिकडची पाच मुलं होती, आज त्यातली तीन इथे बसलेली आहेत. त्यांच्या घरी मी दहावीपर्यंत एकदाही गेलो नव्हतो. आपली मैत्री शाळेच्या फाटकापर्यंतची होती, हे आज इतक्या वर्षांनी सांगताना मला वाईट वाटतंय.

मायने तिला बसायला जागा दिली आणि विचारलं, 'मग तुमची वाट कोणती? सांग.'

तिने सांगितलेली वाट भुलाबाईची नव्हती. दीक्षाभूमीची होती. तिच्या सासऱ्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला गावातून पायी जाऊन दीक्षा घेतली होती, आणि तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वस्तीतली माणसं पायी निघायची. विहारापासून सुरुवात. मग कोणाच्या दारात कोण सामील व्हायचं, कोणाच्या घरून भाकरीची चवड यायची, कोणाचं पोर कोणाच्या खांद्यावर. नाल्यातून पांदणीने रेल्वे लाइन ओलांडून वर्धा रोड, आणि तिथून सरळ दहा-बारा किलोमीटर. ती एकेक दार सांगत गेली आणि मी पलीकडचा भाग काढत गेलो. रात्रीचे साडेदहा झाले. चहा निवून गेला होता.

दुसऱ्या दिवशी खरी भानगड सुरू झाली.

पलीकडच्या घरांवर मी नावं लिहिली, जशी अलीकडच्या घरांवर लिहिली होती. संध्याकाळी तीन-चार जमीनदार मंडळी आली. त्यांचं म्हणणं असं की घरं काढा, पण नावं लिहू नका. का? तर उद्या कोणी या भिंतीचा फोटो काढून कोर्टात गेलं तर? आमचीही कुटुंबं बाधित आहेत, आम्हालाही द्या, असं म्हणालं तर? वसाहतीतले प्लॉट मोजून मिळालेत. ज्याच्या नावावर घर होतं त्याला प्लॉट. अतिक्रमणात राहणाऱ्यांचं, भाड्याने राहणाऱ्यांचं, सालदारांचं काय झालं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. त्यातले बरेच जण आज दुसऱ्याच कुठल्या झोपडपट्टीत आहेत आणि एमआयडीसीकडे कामाला जातात.

मी कायदा शिकलेलो नाही, पण आपल्या वर्गातला वकील इथे बसलाय, चुकलं तर त्याने सांगावं. आमच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली गेल्या. त्या कायद्याला माणूस दिसायचा तो सातबारावरचा. ज्याच्या नावे जमीन, त्याला नोटीस, त्यालाच मोबदला. पुढे २०१३ चा कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात प्रथमच लिहिलं की ज्यांची उपजीविका तीन वर्षं त्या जमिनीवर चालत होती, ते शेतमजूर, कुळं, कारागीर, हेसुद्धा बाधित कुटुंब. जमीन नावावर नसली तरी. पण तोवर आमच्या नोटिसा, पंचनामे, सह्या सगळं होऊन गेलं होतं. सालदाराचं नाव कुठल्याच कागदावर आलं नाही. आणि आता भिंतीवर आलं तर मंडळींना भीती वाटत होती.

बैठक झाली. मी सहसा बैठकीत बोलत नाही. त्या दिवशी मी ती पाटी सांगितली. दीड एकर, निळं आभाळ, पांढरं विमान. ज्याने तिथे अठरा वर्षं नांगर धरला त्याचं नाव मी लिहिणार, म्हटलं, भिंतीवर जागा नसेल तर माझ्या घराच्या जागेवर लिहीन. ती बाई समोर होती. तिने मान वर केली नाही. मला वाटलं होतं ती काही बोलेल. नाही बोलली. अजूनही माझ्याशी ती फारसं बोलत नाही, आणि त्यात तिचं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

शेवटी मतं घेतली नाहीत, पण नावं राहिली. एका घराने मात्र ऐकलं नाही. 'मग आमचं घरच नको भिंतीवर,' म्हणाले. मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचं घर पांढऱ्या रंगाने पुसलं. आता नकाशात बरोबर मध्यभागी एक पांढरा चौकोन आहे. नवीन माणूस आला की पहिला प्रश्न तोच विचारतो, हे काय आहे? आणि मग त्या घराची गोष्ट इतर घरांपेक्षा जास्त वेळा सांगितली जाते. त्यांचा नातू परवा माझ्याकडे आला होता, हळूच विचारत होता, पुन्हा काढता येईल का म्हणून. म्हटलं, आजोबांना विचारून ये.

मुंबईला माझा भाचा असतो. २०१७ च्या शेवटी मी त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा ससून डॉकवर मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. १८७५ चा तो धक्का. भिंतींवर कोळणींचे हे एवढाले फोटो. शहरातली शिकलेली पोरं-पोरी त्या फोटोंसमोर स्वतःचे फोटो काढत होती, आणि एक म्हातारी कोळीण टोपली खाली ठेवून आपल्या जोडीदारणीला सांगत होती की ही कोणाची सून, हिचा नवरा कोणत्या बोटीवर होता. मला त्या सगळ्या प्रदर्शनातलं तेवढंच पूर्ण लक्षात राहिलं. वांद्र्याच्या चॅपेल रोडलाही भिंती सुंदर रंगवल्यात. भाचा म्हणाला, मामा, भिंती रंगल्या की इथे कॅफे येतो आणि कॅफे आला की भाडं वाढतं. मला हसू आलं. आमच्या विमानाचंच काम.

गिरणगावाबद्दल मीना मेनन आणि नीरा आडारकर यांचं एक पुस्तक आहे, 'कथा मुंबईच्या गिरणगावाची'. भाच्यानेच दिलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरण्या गेल्या, मॉल आले, हे आपण वर्तमानपत्रात वाचलंय. या पुस्तकात ते त्याच माणसांच्या तोंडून आहे, आणि ती माणसं एकमेकांना खोडूनही काढतात. वाचताना मला माझे मामा आठवले. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली ती मिल. आता तिथे मॉल आहे. मामा शेवटच्या वर्षांत एकदा माझ्यासोबत त्या मॉलला आले, सरकत्या जिन्यापाशी थांबले आणि म्हणाले, 'इथं माझा साचा होता.' मग थोडं डावीकडे सरकले. 'नाही, इथं.' मी तेव्हा लिहून ठेवायला हवं होतं. कोणत्या खात्यात, कोणत्या ओळीत, शेजारी कोण. विचारलंच नाही. आइस्क्रीम खाऊन परत आलो.

त्यामुळे आता भिंतीशेजारी आम्ही खिळ्याला एक वही टांगली आहे. ज्याला भिंत चुकलेली वाटते त्याने वहीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोरांना सांगायचं. वर्षभराचं जमा करायचं आणि पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात मी जाऊन दुरुस्ती करतो. गेल्या वर्षी सत्तावीस दुरुस्त्या होत्या. त्यातली एक अशी की कुंभाराच्या घराला खिडकीच नव्हती, मी उगाच काढली. दुसरी अशी की एक शेवग्याचं झाड राहिलं. तिसरी वाचून मी दोन दिवस गप्प होतो. एका बाईने लिहून घेतलं होतं की तिचं बाळ जिथे पुरलं ती जागा नाल्याकाठी होती, तिथे नाव नको, पण एक पान काढा. काढलंय, पळसाचं. तिच्याशिवाय ते कोणाचं आहे ते फक्त मला माहीत आहे, आणि आता तुम्हाला एवढंच की ते आहे.

भिंतीला खालून ओल आहे. फूटभर पोपडे निघालेत, म्हणजे दक्षिणेकडची वावरं दरवर्षी नव्याने काढावी लागतात. समाजमंदिर पाडून तिथे दुमजली सभागृह करायचं अशी बोलणी चालू आहेत. लग्नाला भाड्याने देता येईल, वसाहतीला उत्पन्न होईल. त्याला मी विरोध केलेला नाही. भिंत पडली तर नवीन भिंतीवर काढू, वही शाबूत आहे. माझी काळजी वेगळी आहे. ती नव्वदीची आजी मागच्या मार्गशीर्षात गेली. भुलाबाईच्या वाटेने चाललेल्या बायांपैकी सात जणी उरल्यात. माझी माय आता खाऊ विसरायला लागली आहे. परवा पाटलाच्या वाड्यात तिने खोबरं सांगितलं.

वसाहतीच्या पलीकडे आता मोठी फ्लॅट स्कीम झाली आहे. तिथली एक मुलगी, आईवडील दोघेही आयटीत, कुठून तरी दक्षिणेकडून आलेले, संध्याकाळी सायकलवर येते आणि भिंत पाहते. मराठी मोडकं बोलते. तिने मला विचारलं, 'अंकल, यात माझं घर कुठे आहे?' मी तिला दाखवलं. तिची इमारत आमच्या दीड एकरावर आहे. पाटी उतरवून आता बरीच वर्षं झाली. मी तिला सांगितलं, इथे तूर असायची, कधी ज्वारी, आणि अठरा वर्षं इथे कोणी नांगर धरला त्याचं नाव हे बघ. तिने नाव वाचलं. अडखळत वाचलं, पण पूर्ण वाचलं.

माझी वीस मिनिटं संपली असतील. शेवटी एक काम आहे, ते या सभागृहाबाहेर कोणी करून देऊ शकत नाही. वहीत चिंचेबद्दल दोन वेगवेगळ्या नोंदी आहेत. एक म्हणते विहिरीच्या पूर्वेला, दुसरी म्हणते पश्चिमेला, गोठ्याच्या बाजूने. मी तीन वर्षं ती चिंच काढलेली नाही. तुमच्यातले किमान वीस जण त्या झाडावर चढलेले आहेत, आणि हेडसरांच्या हाताचा मार खाऊन उतरलेले आहेत. हा फळा मी मघाशी पुसून ठेवलाय, विहीर मध्ये काढली आहे, खडू माझ्या खिशात आहेत. जेवणाची पंगत बसायच्या आधी एकेकाने येऊन चिंच दाखवा. पहिला मान मराठीच्या बाईंचा. त्या सायकलने आमच्या गावावरून शाळेत यायच्या, आणि त्यांच्या पर्समध्ये चिंचा असायच्या हे आम्हाला तेव्हाही माहीत होतं.